नॉर्मली क्लोज्ड

शुक्रवार. सोहारच्या सनाइयात सगळी शटरं खाली,
आमच्या डक्टच्या वर्कशॉपचं तेवढं गुडघाभर वर:
मांजर आत येईल
आणि मुदीरची गाडी दिसली तर पायानं ओढता येईल, इतपत.

बाकावर माझं मशीन.
भंगारातले ॲल्युमिनियमचे चॅनेल,
कुंजुमोनच्या दुकानातून हप्त्यानं आणलेल्या तीन मोटरी.
अजून त्याला स्वतःचे काठ ठाऊक नाहीत.
वीज आली की जिथे उभं असेल
तिथेच शून्य धरून चालतं.

म्हणून हे स्विच. चण्याएवढं बटण,
वर पत्र्याची जीभ, लवली की टक.
खाली तीन पाय: एक सामाईक,
एक दाबल्यावर जुळणारा,
एक दाबेपर्यंत जुळलेला.
मी दाबल्यावर जुळणारा घेतला. साधा हिशोब,
धडकलं तर बोल, एरवी गप्प बस.

हनीफ मुकादम बंदरावर पॅनेलं जोडतो, दाभोळचा.
म्हणाला, गप्प बसणाऱ्याचा काय भरवसा?
झोपलाय की मेलाय, तुला कसं कळणार?
मी म्हटलं, चहा पी.

तिसऱ्या शुक्रवारी वायर साखळीत घासून आतल्या आत तुटली,
वरचं प्लास्टिक नव्यासारखं.
गॅन्ट्री आली, जीभ लवली, टक झालं,
ते पोचलंच नाही कुठे.
मोटर भिंतीला कपाळ लावून
दात खात राहिली, मी प्लग उपटेपर्यंत.

हनीफ काही बोलला नाही. त्याचाच जास्त राग आला.

संध्याकाळी सात. तिकडे साडेआठ.
लांज्याहून नानांचा मिस्ड कॉल येतो या वेळी,
दोन रिंगा, मग कट. सोळा वर्षं.
मी उचलत नाही, उचलायचा नसतोच.
सात दहा. सात वीस.
मी कपॅसिटर आकारानं लावत बसलो,
मग पुन्हा एकत्र केले.

चार वेळा लावला. पाचव्यांदा उचलला.
"अरे, मागच्या दारी होतो.
या फोनची मुदत संपलीय म्हणे, इथून लागत नाही.
तू का केलास? काय झालं?"
एसटीच्या डेपोत बत्तीस वर्षं वायरिंग केलेला माणूस.
म्हटलं, काही नाही, सहज.
"सहज कसा? पैसे पडतात."

फोन ठेवला आणि स्क्रूड्रायव्हर उचलला.
सहाही स्विचांच्या वायरी
शेजारच्या पायावर घेतल्या.

आता उलटा ताप.
स्पिंडल फिरला रे फिरला
की कोणी शिवलं नसताना मशीन थांबायचं,
कसल्या कसल्या कुजबुजीला दचकून.
मग जाळीची केबल. हनीफ ओणवा होऊन सांगत होता:
जाळी एकाच टोकाला जमिनीला बांध, एकाच.
दोन्हीकडे बांधलीस
तर जगभरचा आवाज तिच्यातूनच फिरेल.
मी दुसरं टोक कापलं, त्यावर टेप गुंडाळला.
जरा जास्तच गुंडाळला.

झेडला मात्र सेन्सर. तपकिरी, निळी, काळी.
लोखंड चार मिलिमीटरवर आलं की डोळा लाल,
हात न लावता कळतं त्याला.
हनीफ म्हणाला, मुदीर आहे हा.

पुढच्या शुक्रवारी पहिल्यांदा होम.
भटजी नाही, तूप नाही, फ्लक्सचा धूर तेवढा.
आधी झेड वर गेला,
मग टेबल सरकत आलं कोपऱ्याकडे,
शिवलं, दचकून मागे झालं,
आणि पुन्हा गेलं, या वेळी इतकं हळू
की आम्ही दोघं श्वास धरून वाकलो.
टक.
पडद्यावर तीन शून्यं.

हनीफ हात धुवायला गेला.
मांजर चॅनेलवर येऊन बसलं, त्याला हाकललं.

सात वाजता फोन थरथरला,
बाकावरून सरकत स्क्रूच्या डबीला टेकला.
दोन रिंगा.
मी उचलला नाही.